मेजरबाई, वय वर्षे अठ्ठावन्न

मेजरबाई बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. छातीकडे बघत. एखादी बाई आपल्या छातीकडे टक लावून बघते आहे हे ध्यानात आलं, की भला माणूससुद्धा आधी पोट आत घेतो, मग शर्टाची बटणं चाचपतो आणि शेवटी घरी जाऊन आरशासमोर उभा राहतो. आलमबागेतल्या आमच्या गल्लीतले साठीपुढचे झाडून सगळे पुरुष या अवस्थांतून गेलेले होते. शेजारच्या घरातले कबूतरवाले खाँसाहेब तर त्याच्याही पुढे पोचले. त्यांनी शेरवानीला चांदीची बटणं लावून घेतली.

खरा प्रकार असा, की बाई श्वास मोजत. गप्पा दुधात पाणी किती यावर चाललेल्या असत, मान डोलत असे, तोंडानं "अच्छा, अच्छा" चालू असे आणि डोळे तुमच्या स्वेटरच्या नक्षीवर. नक्षी किती वेळा वर गेली, किती वेळा खाली आली. ती जरा जास्त घाईनं वर जायला लागली, की दुधाचा विषय तिथंच नासायचा.

"केव्हापासून चालू आहे हे?"

"काय?"

"दम."

"मला कुठं दम आहे?"

"आहे. तुमाले माहीत नाही, मले माहीत आहे. जा, डॉक्टरले छाती दाखवून या."

खाँसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी बटणं काढून ठेवली नाहीत. म्हणाले, "गिन तो हमारी ही रही थीं." लखनवी माणूस हिशेबात हरला तरी बोलण्यात हरत नाही.

बाई मूळच्या वर्ध्याकडच्या. फौजेच्या इस्पितळांत सगळा जन्म काढून, मेट्रन म्हणून निवृत्त होऊन लखनौलाच घर बांधून राहिलेल्या. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "पूर्ण वॉर्ड होता ना बाप्पा, अजून एक पेशंट कुठं ठेवू?" बँकेनं मला लखनौला फेकलं तेव्हा मी त्यांच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहायला गेलो. मराठी घरमालकीण मिळाली म्हणून माझी बायको शैला देवापुढं साखर ठेवून आली. दुसऱ्या दिवशी पहाटे खालून "कोन खोकलं?" अशी हाक आली आणि शैलानं साखर परत मागून घ्यायचा विचार केला. त्या आवाजाबद्दल मी जे सांगेन ते कुणाला खरं वाटणार नाही, पण त्यांनी अंगणातून "रुको" म्हटलं की आलमबागेच्या बस अड्ड्यावरून सुटलेली कानपूरची गाडी नाक्यावर ब्रेक लावून उभी राहायची. कंडक्टरनं मला स्वतः सांगितलंय.

बाईंचं वय अठ्ठावन्न होतं. आम्ही राहायला आलो तेव्हा अठ्ठावन्न होतं. आमची मुलगी जन्मली, चालायला लागली, 'भैया, सब्जी कितने की' असं मराठीपेक्षा चांगल्या हिंदीत विचारायला लागली, दिल्लीत सरकारं आली न् गेली, पण बाई अठ्ठावन्नावरून तसूभर हलल्या नाहीत. त्या काळात भारतात एवढी स्थिर गोष्ट दुसरी नव्हती. फक्त बोलण्याच्या भरात कधी कधी घोटाळा व्हायचा. बासष्टच्या लढाईत आपण वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होतो आणि हाताखाली डझनभर पोरी होत्या, हे त्या रंगवून सांगत. मग कुणीतरी मनातल्या मनात बोटं मोजायला लागलं, की त्या झटकन त्याच्या छातीकडे बघायला लागत. माणूस वजाबाकी विसरून श्वासाची काळजी करायला लागायचा.

त्यांचं खरं वैर एकाच गोष्टीशी. न्यूमोनिया. त्यातही म्हाताऱ्या माणसांचा न्यूमोनिया. फौजेत शत्रूबद्दल बोलतात तशा त्या त्याच्याबद्दल बोलत. तो कुठून घुसतो, कुठं दबा धरतो, कुणाला आधी गाठतो. गल्लीतल्या बायाबापड्यांचं ठाम मत होतं की हा रोग थंडीनं होतो. त्यावर बाई उसळत.

"थंडीनं होत असता तं लडाखमधे एक फौजी उरला नसता. न्यूमोनिया माणसापासून होते. सगळे एका खोलीत दारंखिडक्या लावून, अंगीठी पेटवून, एकमेकांच्या तोंडावर खोकत बसले का होते."

आणि लखनौचा हिवाळा म्हणजे नेमकं तेच. ज्यांनी तिथलं धुकं पाहिलं नाही त्यांना काय सांगायचं. आमचा दूधवाला धुकंच मापून देऊन जायचा आणि ते उकळल्यावर वर साय धरायची. एका सकाळी मी स्कूटरला किक मारून, हॉर्न वाजवत, अंदाजानं वळणं घेत अर्धा तास चालवत गेलो. ऊन पडल्यावर पाहतो तो स्कूटर आमच्याच अंगणात स्टँडवर उभी. अशा दिवसांत लोक रजईत शिरत ते थेट वसंत पंचमीला बाहेर पडत. म्हातारी माणसं अंगीठीच्या धुरात गुडघे पोटाशी घेऊन पडून राहत, आणि दर हिवाळ्यात आसपासच्या गल्ल्यांतून एखाददुसरं माणूस गुपचूप कमी होई. ते कमी होणं बाईंना मंजूर नव्हतं.

म्हणून त्यांच्या गच्चीवर परेड असे. ऊन वर आलं की गल्लीतल्या सगळ्या म्हातारे-म्हाताऱ्यांनी हजर व्हायचं. आधी साबणानं हात धुवायचे, मग गच्चीला फेऱ्या, मग खुर्चीत ताठ बसून पाणी भरलेल्या बाटलीत नळीतून फुंकायचं. बुडबुडे यायला पाहिजेत. खाँसाहेब बुडबुडे काढता काढता डोळे मिटून हुक्क्याच्या आठवणीत जात आणि अंगठ्यानं जाफरानी तंबाखू दाबल्यासारखं करत. संध्याकाळी दुसरी हजेरी. ही भिंतीवरून व्हायची.

"खाँसाहब, दाँत?"

"निकाल दिए, हुजूर."

"कहाँ रखे?"

"प्याले में."

"और जो असली बचे हैं?"

"दोनों माँज लिए, हुजूर."

दातांवर त्यांचा एवढा कटाक्ष का, ते त्यांनी शैलाला एकदा सांगितलं. तोंडात साचलेली घाण झोपेत नकळत घशातून छातीत उतरते, म्हाताऱ्या माणसाला ती खोकून बाहेर काढता येत नाही, आणि तिथूनच सुरुवात होते. म्हणून निजताना तोंड स्वच्छ, कवळी बाहेर, आणि तोंडात घास असताना बोलणं बंद. हा शेवटचा नियम लखनौमधे पाळणं म्हणजे माशाला पाण्याबाहेर जेवायला बसवणं. पण गल्लीनं पाळला. आमच्या गल्लीतली जेवणं त्या काळात इतकी मुकी होत, की पाहुण्यांना वाटे घरात भांडण झालंय.

त्यांचं सगळंच खरं होतं असं मात्र कुणी समजू नये. शीळ वाजवणाऱ्या माणसाला न्यूमोनिया होत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. नाक्यावरच्या तरुण डॉक्टरनं एकदा अदबीनं सांगितलं, "मेजर साहिबा, किताबों में ऐसा कहीं नहीं है."

"नहीं है तो लिख लीजिए," बाई म्हणाल्या.

नंतर बरेच दिवस आमच्या गल्लीत सत्तरीतल्या बायका सब्जी निवडताना शीळ घालायच्या. भाजीवाले मान खाली घालून जात.

तर अशा या गल्लीत एका दिवाळीनंतर मी माझ्या वडिलांना आणलं.

अण्णा वाईच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. पंचाहत्तरीचे. आई गेल्यावर एकटेच राहत. आदल्या हिवाळ्यात एका दुपारी शेजारणीनं त्यांना ताट नेऊन दिलं, तर ताटापुढं बसून ते वर्गाची हजेरी घ्यायला लागले. "आपटे? आगाशे?" शेजारीण हसली. अंगात ताप नाही, खोकला नाही, मास्तर थट्टा करताहेत म्हणून तिनंही "हजर" म्हटलं. हजेरी संध्याकाळपर्यंत चालली. दवाखान्यात नेलं तेव्हा अर्धं फुप्फुस भरलेलं होतं. वाचले. पण तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आणखी एकदा असं झालं तर ही छाती पेलणार नाही. तेव्हा त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, आणि लखनौचा हिवाळा म्हणजे तर शत्रूचीच छावणी. मी ते सगळं बाईंना सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मी सांगत असताना पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ताप नव्हता ना? म्हाताऱ्यांचा असाच येते. चोरपावलानं. माणूस भलतंसलतं बोलायला लागला का समजायचं, घरात शिरला. आणा तुम्ही मास्तरले. मी आहे ना."

पहिल्याच दुपारी ठिणगी पडली.

अण्णांची वामकुक्षी ही साधी झोप नव्हती, ते व्रत होतं. जेवण झालं, हात धुतले, बडीशेप तोंडात टाकली, की डाव्या कुशीवर आडवं व्हायचं. शाळेत असतानासुद्धा मधल्या सुट्टीत ते प्रयोगशाळेच्या बाकावर डावी कूस साधत. बाई भाड्याच्या पावतीचं निमित्त करून वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"मास्तर, काय करून राहिले?"

"वामकुक्षी."

"जेवण केव्हा झालं?"

"हे आत्ता."

"उठा."

अण्णांना आयुष्यात 'उठा' म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. ते काम त्यांचं. ते पडल्या पडल्याच म्हणाले, "बाई, भोजनानंतर डावी कूस, असं शास्त्रात सांगितलंय."

"ते सांगणाऱ्याची छाती एकदा भरून गेली होती का?"

"त्याचा उल्लेख नाही."

"मंग उठा. पोटातलं अन्न उलटं वर येते, घशातून छातीत सांडते. जेवल्यावर तासभर बसून राहायचं."

"बसून झोप येत नाही."

"नाही तं जागे राहा. कोणाले मुलं झाली नाही जागं राहून."

या वाक्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही, पण अण्णा उठून बसले. पुढचे पंधरा दिवस घरात युद्ध होतं. अण्णा दाराला कडी लावून आडवे होत, बाई खालून छताला काठी मारत. बाईंना छताच्या आवाजावरून कळायचं की मास्तर कुठल्या कुशीवर आहेत. शेवटी तह झाला. बाईंनी फौजेतली पाठ टेकायची जुनी कॅनव्हासची खुर्ची वर पाठवली. अण्णांनी ती मापली, पारखली आणि तिच्या उजव्या पायांखाली एकेक वीट लावली. खुर्ची डावीकडे कलली. तिच्यात ताठ बसून, डाव्या खांद्यावर मान टाकून अण्णा झोपायला लागले. शास्त्र राहिलं आणि छातीही. बाईंनी येऊन पाहिलं, चहूबाजूंनी फिरून पाहिलं, आणि म्हणाल्या, "खंबा पडल्यावानी दिसतात. पण चालते."

त्या दिवसापासून दोघांची दोस्ती झाली असं म्हणवत नाही. पण अण्णा परेडला जायला लागले, आणि बुडबुडे इतक्या शिस्तीत काढायला लागले की खाँसाहेब म्हणाले, "मास्टर साहब के बुलबुले भी कतार में आते हैं."

डिसेंबर लागता लागता नाक्यावरचा डॉक्टर एक बातमी घेऊन आला. न्यूमोनियाविरुद्धचं इंजेक्शन आता दिल्लीत मिळतंय. सगळ्या प्रकारच्या न्यूमोनियावर चालत नाही, पण जो जास्तीत जास्त माणसं मारतो त्याला बऱ्यापैकी अडवतं. पासष्टीच्या वरच्यांना, नाहीतर जुनाट दुखणं असलेल्यांना द्यायचं. बाईंनी हे ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोफखाना येऊन मिळालेल्या सेनापतीची कळा आली. त्यांनी गल्लीत घरोघर जाऊन माणसं तयार केली. डॉक्टरनं बर्फाच्या डब्यातून इंजेक्शनं मागवली आणि एका रविवारी उन्हात बाईंच्या गच्चीवर सगळे जमले.

अण्णा तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, औषध रोग्याला. मी रोगी नाही.

"चौकीदार चोरीच्या आधी ठेवतात का नंतर?" बाईंनी विचारलं.

"चौकीदार घरात सुई टोचत नाही."

मी समजावलं, शैलानं समजावलं, शैलानं रडूनसुद्धा पाहिलं. मला राहून राहून ती वाईची हजेरी आठवत होती. अण्णा सगळ्यांबरोबर गच्चीवर आले खरे, पण हाताची घडी घालून, शालीत गुंडाळून बसले. खाँसाहेबांनी पहिलं इंजेक्शन घेतलं आणि घेताना डॉक्टरच्या सुईची एवढी तारीफ केली की डॉक्टर लाजला. मग एकेक करत सगळे झाले. अण्णा उरले.

"मास्तर, चला," बाई म्हणाल्या.

"मेजरबाई, मी मुलांना गणित घालायच्या आधी फळ्यावर स्वतः सोडवून दाखवायचो. तुम्ही आधी घ्या. मग मी घेतो."

"मले नाही लागत. पासष्टच्या वरच्यांना आहे ते."

अण्णांनी आकाशात उडणाऱ्या कबुतरांकडे पाहिलं. "तेच म्हणतो मी."

मराठी तिथं तिघाचौघांनाच कळत होतं, पण आकडे आणि अण्णांचा सूर सगळ्यांना कळला. गल्लीत अठ्ठावन्नाला कुणी कधी हात लावला नव्हता. शैलानं मला चिमटा काढला, जसं काही अण्णांना मी जन्म दिला होता.

बाईंनी अण्णांकडे पाहिलं. म्हणजे छातीकडे. बराच वेळ. शाल हळूहळू वर जात होती, खाली येत होती. मग त्या डॉक्टरकडे वळल्या.

"एक और है?"

"जी," डॉक्टर सुईकडे बघत म्हणाला. "एक ज्यादा मँगवाया था. ऐसे ही."

बाई खुर्चीत बसल्या, बाही वर केली आणि समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिल्या. कुणी काही बोलायच्या आत खाँसाहेब उठून उभे राहिले, आणि गच्चीला उद्देशून, मुशायऱ्यात बोलावं तसं बोलले, "फौज का कायदा है, साहिबान. अफसर पहले खुद चखता है, फिर सिपाही को देता है. इसमें उम्र का क्या जिक्र?"

"बिल्कुल, बिल्कुल," सगळी गच्ची म्हणाली. एक आजी तर म्हणाली, "उम्र की बात हुई ही कहाँ." आणि सगळे इकडेतिकडे बघायला लागले. कुणी कबुतरांकडे, कुणी वाळत घातलेल्या मुळ्यांकडे. बाईंची बाही खाली येईपर्यंत तिकडे कुणी वळून पाहिलं नाही. त्या दिवशी मला लखनौ थोडं कळलं. तिथे खोटं बोलत नाहीत. फक्त काही गोष्टी सगळ्यांनी मिळून ऐकायच्या नाहीत असं ठरतं.

अण्णांनी शाल काढली आणि निमूट दंड पुढं केला. इंजेक्शनचं त्यांना काही वाटलं नाही. पण जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी जरा चुकलोच." एवढंच. घरी शैलानं हसत हसत विचारलं, "अण्णा, तुम्ही तर गणितवाले, बाईंचं खरं वय किती असेल हो?" अण्णा ताठ झाले. "अठ्ठावन्न," म्हणाले. "आणि या घरात हा प्रश्न परत निघता कामा नये."

जानेवारीत धुकं उतरलं ते दोन आठवडे हटलं नाही. गल्ली खोकायला लागली. आमच्या मुलीनं शाळेतून सर्दी आणली, ती आजोबांच्या मांडीवर बसून आजोबांना दिली. बाईंनी नातीला मास्तरांपासून दूर ठेवायचा हुकूम काढला होता, पण नातीपुढं फौज चालत नाही. एका सकाळी अण्णांना ताप भरला. बाई वर आल्या, स्वेटरकडे बघत राहिल्या, छातीला नळी लावली, पाठीला लावली.

"साधी सर्दीच वाटून राहिली तशी," त्या म्हणाल्या, "पण मागच्या सालचा हिशेब आहे. फोटो काढून घेऊ."

खाँसाहेबांच्या भाच्याची मारुती व्हॅन आली. धुक्यात तिचा पुढचा दिवा मागच्या दिव्याला दिसत नव्हता. खाँसाहेब पुढं बसून, कान देऊन भाच्याला रस्ता सांगत होते: "यह कचौड़ी की आवाज है, बाएँ लो." असे आम्ही एका मोठ्या दवाखान्यात पोचलो. व्हॅनमधे मी अण्णांना विचारलं, "बरं वाटतंय ना?" ते म्हणाले, "मला काय झालंय? तू नीट श्वास घे." आणि बाईंनी माझ्या छातीकडे पाहून मान हलवली.

छातीचा फोटो स्वच्छ निघाला. पण तिथले डॉक्टर फार काळजी घेणारे. मागच्या आजाराचे कागद त्यांनी वाचले, अण्णांचं हजेरी घेणंही वाचलं आणि म्हणाले, इस उम्र में फोटो बाद में बिगड़ता है, दिमाग पहले. जरा बात करके देखते हैं. बाई मान हलवत होत्या. हे तर त्यांचंच शास्त्र.

"बाबूजी, आज वार कौन-सा है?"

अण्णांनी वार सांगितला, वर तिथीही सांगितली.

"प्रधानमंत्री कौन हैं?"

अण्णांनी नाव सांगितलं आणि पुढं जोडलं, "सुबह तक तो वही थे. शाम का मैं नहीं कह सकता."

डॉक्टर हसले. "सौ में से सात घटाते जाइए."

अण्णा इतक्या वेगानं खाली उतरले की डॉक्टरांची बोटं मागे पडली. दोनाला येऊन थांबले आणि विचारलं, "हजार से करूँ? तेरह-तेरह?"

"नहीं, नहीं. बहुत अच्छा. साथ में कौन आया है आपके?"

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण अण्णांना कुणीतरी बाईंची ओळख करून द्यायला सांगितलं होतं, आणि त्या गच्चीवरच्या रविवारपासून त्यांना ती संधी हवीच होती. ते टेकून बसले होते ते ताठ झाले. "हमारी मकान-मालकिन. मेजर साहिबा. आज मैं जिंदा हूँ तो इनकी वजह से. बासठ की लड़ाई में पूरा वॉर्ड इनके हाथ में था. हेड सिस्टर थीं. बारह लड़कियाँ नीचे काम करती थीं."

"अच्छा?" डॉक्टर कौतुकानं बाईंकडे वळले. मग जरा थांबून अण्णांना म्हणाले, "तो अब क्या उम्र होगी मेजर साहिबा की?"

"अट्ठावन."

डॉक्टरांनी बाईंचे पांढरे केस पाहिले. मग अण्णांकडे पाहिलं. "बाबूजी, आप हिसाब के मास्टर हैं. बासठ में हेड सिस्टर. सोचकर बताइए."

अण्णांनी सोचल्यासारखं केलं. कपाळावर घाम होता, ताप होता. "अट्ठावन," ते म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लखनौत सहा वर्षं काढली होती. "जी, अट्ठावन," मी म्हणालो. खाँसाहेब दारातून म्हणाले, "मुश्किल से."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेण्याइतकाही त्यांनी धीर धरला नाही. "देखिए, यही शुरुआत होती है. सीधा हिसाब है और बाबूजी से नहीं हो रहा. दो-तीन दिन भर्ती रख लेते हैं." आणि त्यांनी आतल्या वॉर्डाचं दार दाखवलं. दार अर्धं उघडं होतं. आत पलंगाला पलंग लागलेले, सगळ्या खिडक्या बंद, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोकल्याची लाट जाऊन परत येत होती. अशा जागी अण्णांना तीन दिवस ठेवायचं. आदल्या वर्षी वाचलेली छाती तिथं घालायची.

मी म्हणालो, "अण्णा, सांगून टाका ना."

"मी सांगितलंय," अण्णा म्हणाले आणि स्वेटर काढायला लागले. "कुठला पलंग?"

बाई इतका वेळ वॉर्डाच्या दाराकडे बघत होत्या. तिथून वळल्या. त्यांचा तो कानपूरची गाडी थांबवणारा आवाज कुठं गेला कोण जाणे. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"अड़सठ," त्या म्हणाल्या. "मेरी उम्र अड़सठ है, डॉक्टर साहब. अगले महीने उनहत्तर. ये भ्रम में नहीं हैं. शरीफ हैं."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं, तापाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि उठून बाईंना नमस्कार केला. खाँसाहेब दारात उभे राहून छतावरचा पंखा न्याहाळत होते. जानेवारीत. बंद पंखा.

व्हॅन परत निघाली. अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि बाहेर तर धुक्याशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मेजरबाई, काय गरज होती? मी राहिलो असतो तीन दिवस."

"स्वेटर घाला पहिले," बाई म्हणाल्या. "तिथं सगळा वॉर्ड खोकून राहिला होता, मास्तर. छाती गेली तं वापस नाही येत. वयाचं काय, गल्लीत पोचेस्तोवर पुन्हा अठ्ठावन्न होते."